डावीकडची कड

आमच्या लॅबमध्ये त्यांना तोंडावर सगळे मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे बत्तीशी. हे नाव मीच ठेवलेलं. माणूस तीस वर्षं लोकांना बत्तीस-बत्तीस दात करून देतोय आणि स्वतःचा एक दात कुणाला दाखवत नाही, हसायचं म्हणून नाव नाही, म्हणून बत्तीशी. त्या दिवशी सगळी लॅब पोट धरून हसली होती आणि मी स्वतःवरच खूश झाले होते. आता आठवलं की कान गरम होतात. पण सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते, मधलं काही गाळणार नाही.

दातांची लॅब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नसतं. आमच्या तर दोनच खोल्या. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतो, ते माप आमच्याकडे येतं. मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करते, म्हणून दिवसभर माझे हात कोपरापर्यंत पांढरे. साचा मास्तरांकडे जातो. ते त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवतात. मग मेणाच्या जागी कडक गुलाबी प्लास्टिक येतं, पॉलिशवाली मुलगी ते चकचकीत करते, आणि कुणाच्या तरी तोंडात जायला कवळी तयार.

मास्तरांचा हात असा की डॉक्टर चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, मास्तरांनाच द्या. साचा हातात आला की ते आधी तो नुसता बघत बसायचे. मग विचारायचे, "ह्यांचा एखादा फ... फ..." "फोटो ना? जुना? मागवते!" मी म्हणायची. त्या माणसाचा पुढचा दात पूर्वी किंचित वाकडा होता असं दिसलं तर ते नवा दातही तेवढाच वाकडा बसवायचे. घरच्यांना ओळखीचं हसू परत मिळायला हवं, असं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. म्हणजे त्यांनी अर्धं सांगितलं आणि उरलेलं मी.

कारण मास्तर बोलताना अडखळायचे. काही अक्षरांवर तर असे अडकायचे की गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. मी वीस वर्षं शेजारच्या टेबलावर, आणि माझ्या तोंडाचा पट्टा तुम्हाला कळलाच असेल. त्यांनी सुरुवात करायची आणि शेवट मी करायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याचे कष्ट वाचवतेय. लॅबच्या मालकीणबाई म्हणायच्यासुद्धा, तुम्ही आहात म्हणून मास्तरांचं निभतं हो! मी मान डोलवायची.

मास्तरांचं लग्न नाही. घरी ते आणि त्यांचे वडील. वडिलांची खालची कवळी मास्तरांनी स्वतः केलेली, आणि ती म्हातारबुवांना टोचायची. सहा वेळा घरून आणून घासून नेली, तरी टोचायचीच. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा म्हटलं तर म्हातारा म्हणे, घरात कारागीर असताना बाहेर कशाला जाऊ? जाऊ दे, पोराला एवढंही जमत नाही हे जगाला कशाला कळायला हवं? आणि मग कवळी काढून ठेवायचा आणि पातळ काहीतरी पीत बसायचा. एका वर्षात निम्मा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्यांच्या पोटात नीट अन्न गेलं नाही तर हे फार दिवस काढणार नाहीत.

त्याच सुमारास मालकीणबाईंनी लॅबसाठी टॅब्लेट घेतला. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. चिठ्ठीचा फोटो काढायचा, त्यातल्या एआयला दाखवायचा, की ते काय लिहिलंय ते सांगतं. शिवाय डॉक्टरांना गोड भाषेत निरोपही लिहून देतं. सगळ्यांना मिळून एकच खातं. प्रत्येक बोलणं बाजूच्या यादीत साठून राहतं आणि त्याला मथळा ते स्वतःच देतं. 'वरची कवळी, सहा दात', 'खालचा जबडा, दुरुस्ती', असे.

मास्तर जेवणाच्या सुट्टीत तो टॅब्लेट घेऊन खिडकीपाशी बसायला लागले. डबा एका हाताला, आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टकटक, टकटक. "काय मास्तर, स्थळं बघताय की काय?" मी ओरडायची. ते लाल व्हायचे. पॉलिशवाली फिदीफिदी हसायची. त्या काचेच्या पाटीत माणसाला एवढं काय सापडतं, हे मला कळत नव्हतं.

एका दुपारी एका डॉक्टरांचा फोन आला, आमच्या वडिलांच्या कवळीचं काय झालं म्हणून. आमचे निम्मे डॉक्टर आपल्या आईवडिलांची कामं आमच्याकडेच देतात. मास्तर बाहेर गेलेले. मी टॅब्लेट घेतला, यादीत बघितलं, तर 'वडिलांची खालची कवळी' असं लिहिलेलं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असा मथळा दिसला असता तर माणूस दोनदा थांबला असता. आमच्याकडे ती ऑर्डर असते. मी उघडलं.

पहिल्या दोन ओळींतच कळलं की ही ऑर्डर नाही. तिथंच बंद करायला हवं होतं. मी खुर्ची ओढून बसले.

मास्तरांनी लिहिलं होतं: 'जागा मला माहीत आहे. डावीकडे आतल्या बाजूला त्यांच्या हाडाला बारीकसा उंचवटा आहे. तिथली कड थोडी घासायची असते, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी सहा वेळा कवळी घासली. सगळीकडे घासली. ती कड सोडली. घरी नेऊन त्यांच्या तोंडात बसवली आणि ते कळवळले तेव्हा मला बरं वाटलं. मग रात्रभर स्वतःची किळस आली. मी असं का करतो?'

आणि त्या एआयनं त्यांना ना शिव्या दिल्या होत्या, ना गोंजारलं होतं. लिहिलं होतं की एक माणूस कमी जेवतोय, तेव्हा ती कड लवकर घासलीच पाहिजे, ते का-बिका कळायची वाट बघू नका. आणि मग विचारलं होतं, ते कळवळतात तेव्हा बरं वाटतं म्हणालात, त्या क्षणी तुम्हाला काय आठवतं?

मग पानं भरून मास्तर. लहानपणी पाहुणे आले की वडील त्यांना मधोमध उभं करायचे आणि स्वतःचं नाव सांगायला लावायचे. नावाच्या पहिल्या अक्षरावरच अडकायचे ते. पाहुणे हसले की वडील स्वतः नाव पुरं करायचे, आणि म्हणायचे, बघा, आमचं घोडं दारातच अडतं! पन्नाशी उलटली तरी अजून करतात, दूधवाल्यासमोरसुद्धा. हे सगळं कसं लिहिलं होतं म्हणून सांगू! एकही अडखळणं नाही. मध्येच असा विनोद की मला एकटीला हसू फुटलं. हा माणूस आतून असा झरझर बोलतो, हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

शेवटी लिहिलं होतं: 'ठरलं. रविवारी कड घासणार. आणि बाबांना सांगणारही, की मी मुद्दाम ठेवली होती. घासून गप्प बसलो तर पुन्हा दुसरीकडे कुठेतरी ठेवीन.' एआयनं विचारलं होतं, बोलताना अडकलात तर? त्यावर मास्तर: 'अडकेन. थांबून राहीन. वाक्य माझं मीच पुरं करीन.'

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळे जेवायला बसलो होतो. मालकीणबाईंनी सहज विचारलं, "काय हो मास्तर, वडिलांची कवळी बरी आहे का आता?"

"अजून जरा ट... ट..."

"टोचते!" मी म्हणाले. "टोचणारच! डावीकडची कड तेवढी सोडून बाकी सगळं घासलं, तर टोचेल नाहीतर काय! हो की नाही मास्तर?"

आणि हसले मी. पॉलिशवाली काही न कळता हसली. मालकीणबाईंनाही वाटलं, कारागिरांची आपापसातली थट्टा असेल.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पांढरे पडले. डब्याचं झाकण लावलं, उठले, टॅब्लेट घेतला आणि उभ्या उभ्या ते सगळं पुसून टाकलं. मग टेबलाशी जाऊन मेण तापवायला लागले.

त्या दिवसापासून मास्तर कुणाशीच बोलेनात. माझ्याशी तर नाहीच. काही हवं असलं की चिठ्ठी लिहून टेबलावर सरकवायचे. टॅब्लेटला बोट लावलं नाही. रविवार आला आणि गेला. सोमवारी मालकीणबाईंनी वडील आता नीट जेवतात का म्हणून विचारलं तर त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. म्हणजे कड तशीच होती, म्हातारा तसाच उपाशी होता, आणि आता त्यात माझा हात होता. मला घास गिळवेना.

बरं, माफी मागायची तर कशी? वीस वर्षं मी त्यांच्या वतीनं बोलले, आता माझ्याच तोंडाला कुलूप लागलं. शेवटी मीही तो टॅब्लेट घेऊन खिडकीपाशी बसले. लिहिलं, सोबत काम करणाऱ्या एकाची खाजगी गोष्ट चुकून माझ्या नजरेस पडली, सहज बोलण्यात निघून गेली, त्यांना वाईट वाटलं, छानसं माफीचं पत्र दे. त्यानं दिलं. इतकं सुरेख, की वाचून मलाच माझा उमाळा आला. चांगल्या कागदावर उतरवून मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. पेन्सिल घेतली, एका शब्दाखाली रेघ मारली आणि कागद परत सरकवला. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून नकळत तुमचं मन दुखावलं गेलं.' रेघ 'नकळत'खाली होती. कागदाच्या मागे त्यांनी लिहिलं होतं, 'हे तुमचं नाही, त्याचं आहे. मी ओळखतो. पण त्याला खरं सांगितलं असतंत तर हा शब्द त्यानं लिहिला नसता.'

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि आता तुम्हालाही सांगायलाच हवं. गाळणार नाही म्हणाले होते, पण गाळलं मी. मास्तरांच्या त्या लिखाणात माझ्याबद्दलही दोन ओळी होत्या. 'शेजारच्या टेबलावरच्या ताईही माझं वाक्य पुरं करतात. बाबांसारखंच. त्यांना वाटतं, त्या मदत करतात.' एवढंच. वाईट शब्द एक नाही, एकट्यानं लिहितानाही मला ताईच म्हटलं होतं. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! रात्रभर कूस बदलत होते. मी बाबांसारखी? ज्याचं सगळं मी निभावून नेते तो माझ्याबद्दल हे लिहितो? दुसऱ्या दिवशी जे बोलले ते सहज निघून गेलं नव्हतं. सकाळी भांडी घासतानाच जुळवून ठेवलं होतं. त्यांना नेमकं कुठे दुखेल ते मला माहीत होतं, आणि मी तिथंच दाबलं.

हे सगळं मग मी त्या एआयला लिहिलं. म्हटलं, आता दे बरं नवं पत्र. तर ते म्हणालं, हवं तर देतो, पण हे तुम्ही आत्ता जसं सांगितलंत तेवढंच त्यांना सांगितलंत तरी पुरेल, माझ्या शब्दांची त्यात गरज दिसत नाही. मला आधी रागच आला. मेलं ऐन वेळी अंग काढून घेतंय! मग लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बाजू न घेता चार वाक्यं लिहिली होती आणि ती वाचणारं माणूसही नव्हतं. माणसासमोर तेवढं करायची माझी हिंमत नव्हती. मास्तरांचीही नव्हती म्हणून तर ते तिथं बसायचे, आणि मी त्यांना स्थळं बघताय का म्हणून ओरडत होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मास्तरांच्या टेबलाशी उभी राहिले. "मास्तर, मी मुद्दाम केलं. माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं आणि मला झोंबलं. म्हणून केलं. तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं." एवढंच जमलं. ते मेणाचा चाकू पुसत राहिले. मग कामाची पिशवी उचलली आणि गेले. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारायचं तोंड होतं कुठे?

दोन दिवसांनी सकाळी माझ्या टेबलावर एक कागदाची पुडी होती. उघडली तर आत खालची कवळी. मास्तर समोर उभे. मी तोंड उघडणार होते, पण थांबले.

"म... माझा हात तिथं ज... जात नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ज... जागा माहीत आहे."

चिठ्ठी लिहून सांगता आलं असतं त्यांना, पण ते तोंडानं बोलले. मी घासायचं यंत्र घेतलं. साचे करणारीला कवळी घासता येत नाही असं नाही, पण मी कोपर टेबलाला घट्ट टेकवूनच यंत्र धरलं. डावीकडे, आतली बाजू. नखाएवढी जागा. पाच मिनिटांचं काम. एक माणूस वर्षभर उपाशी राहिला तो ह्या एवढ्याशासाठी. मास्तर शेवटपर्यंत बघत होते. "बाबांना..." मी सुरुवात केली आणि गप्प बसले. त्यांनी पुडी बांधली आणि मान हलवली. सांगितलं नव्हतं.

आठवड्यानं म्हातारबुवा स्वतः लॅबमध्ये हजर. हातात काठी, खिशात भाजलेले शेंगदाणे. दारातूनच एक दाणा तोंडात टाकून कडकन चावून दाखवला. "कुठे आहे ती ताई? पोरानं सांगितलं, तिनं घासली म्हणून. अगं बाई, ह्याला सहा वेळा जमलं नाही ते तू एका फटक्यात केलंस! तीस वर्षं म्हणे कारागीर!" मालकीणबाई कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. मला तर कानकोंडं होऊन गेलं. खरं बोलावं तर मास्तरांना पुन्हा उघडं पाडायचं, गप्प बसावं तर हे कौतुक फुकटचं खायचं. आणि म्हातारा आता रंगात आलेला. "विचारलं ह्याला, अरे तुला कसं जमलं नाही? तर म्हणतो, म-म-म-मला..." त्यानं हुबेहूब नक्कल केली. "आमचं घोडं अजून दारातच!" पॉलिशवाली हसली. तिला हसायला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

मास्तर उठले. चाकू खाली ठेवला. वडिलांच्या समोर येऊन उभे राहिले.

"म... म..."

"मला जमलं नाही," म्हातारा म्हणाला. "माहीत आहे रे."

मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणून. हात वर केला, थांबा अशा अर्थी, आणि पुन्हा सुरू केलं. "म... मला ज... जागा माहीत होती, बाबा. प... पहिल्या दिवसापासून."

म्हातारबुवांचा हात खिशातच राहिला. "मग?"

"मी ती म... म..."

गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळे मिटले. म्हातारा तोंड उघडायला लागला, आणि माझंही उघडायला लागलं, सवयीनं, कारण पुढचा शब्द मला माहीत होता. त्याच्या पुढचंही सगळं वाक्य मला माहीत होतं, मी ते वाचलं होतं, चोरून. मी म्हाताऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं, जीभ दातांखाली दाबली, आणि वाट बघत उभी राहिले.